पडणारा बर्फ, टिकणारा बर्फ



पुण्यातल्या व्याख्यानमालेत बर्फ हा विषय कशासाठी, असा प्रश्न आपल्यापैकी अनेकांच्या मनात आला असेल. तो रास्त आहे. पण डिसेंबर उजाडला की महाराष्ट्रातून काश्मीरला जाणाऱ्यांची रीघ लागते. त्यांतले काही जण गुलमर्गला नुसता बर्फ बघायला न जाता स्कीइंग शिकायला जातात. रजा, विमानाची तिकिटे, हॉटेल, शिकवणाऱ्याची फी, सगळे महिना-दोन महिने आधी ठरते. मग निघायच्या आठवड्यात प्रत्येक जण मोबाइल उघडून हवामान पाहतो. गुरुवारच्या चौकोनात बर्फाचे चिन्ह दिसले की जीव भांड्यात पडतो. पिवळा सूर्य दिसला की तोंड उतरते. माझे आजचे म्हणणे असे की हा आनंद आणि ही निराशा, दोन्ही बहुतेक वेळा चुकीच्या जागी असतात. हवामानाचा अंदाज हवेबद्दल बोलतो. बर्फाची स्थिती ही जमिनीवरची गोष्ट आहे. या दोहोंच्या मध्ये एक हिशेब आहे. तो अंदाजात मांडून दिलेला नसतो, वाचणाऱ्याने करायचा असतो. तो केला तर आजचे अंदाज आपण समजतो त्याहून कितीतरी उपयोगी आहेत; नाही केला, तर अंदाज तंतोतंत खरा ठरूनही आपण फसतो.

आधी जागा नीट पाहू. गुलमर्गचे पठार समुद्रसपाटीपासून सुमारे २,६५० मीटरवर आहे. १९२७ साली तिथे स्की क्लब ऑफ इंडिया निघाला, तेव्हा वर जायचे तर पायीच चढावे लागे. आता गंडोला, म्हणजे केबल कार, आहे. पहिला टप्पा १९९८ साली सुरू झाला, तो कोंगदूरीला, सुमारे ३,१०० मीटरवर नेतो. दुसरा २००५ साली सुरू झाला, तो अफरवट डोंगराच्या खांद्यावर, सुमारे ३,९५० मीटरवर सोडतो. तळ आणि माथा यांत तेराशे मीटरची चढण आहे आणि नकाशावर आडवे मोजले तर हे सगळे काही किलोमीटरांत संपते. आता अंदाज कसा तयार होतो ते पाहा. संगणकातले प्रारूप पृथ्वीवर चौकटींची जाळी टाकते आणि प्रत्येक चौकटीसाठी एक तापमान, एक वारा, एक पर्जन्य काढते. याच शहरात, पाषाणला, भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत विकसित झालेली ‘भारत फोरकास्टिंग सिस्टम’ मे २०२५ मध्ये वापरात आली. तिची चौकट सहा किलोमीटरची आहे, आधीची बारा किलोमीटरची होती. ही मोठी झेप आहे आणि पुणेकरांना तिचा अभिमान वाटायला हवा. तरीही सहा किलोमीटरच्या एका चौकटीत पठार, कोंगदूरी आणि अफरवट तिन्ही बऱ्याच अंशी मावतात, आणि प्रारूपाच्या लेखी चौकटीची उंची एकच, सरासरीची असते. मग मोबाइलवर ‘गुलमर्ग’ या नावाखाली दिसणारे तापमान नेमके कोणाचे? पठारावरच्या हॉटेलचे, की माथ्याचे, की प्रत्यक्षात कुठेच नसलेल्या मधल्या डोंगराचे? आपल्याला हे नवे वाटू नये. महाबळेश्वरला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि वीसेक किलोमीटरवरच्या पाचगणीला त्याच्या निम्माही पडत नाही. ‘सातारा जिल्ह्यात जोरदार पाऊस’ या वाक्यावर विसंबून वाईकर आणि महाबळेश्वरकर सारखीच तयारी करत नाहीत. डोंगराळ भागाचा अंदाज उंची विचारल्याशिवाय वाचता येत नाही.

तेव्हा पहिला प्रश्न ‘बर्फ पडेल का’ असा नसावा. तो ‘बर्फ किती खालपर्यंत पडेल’ असा असावा. हवा साधारण दर हजार मीटरला साडेसहा अंशांनी थंड होते. म्हणजे पठारावर अधिक दोन अंश असतील तर कोंगदूरीला शून्याच्या किंचित खाली आणि अफरवटला उणे सहाच्या आसपास. शून्य अंशाची रेषा अशा वेळी २,९५० मीटरवर येते. बर्फाचे कण त्या रेषेखाली आले की लगेच विरघळत नाहीत. आणखी दोनशे-तीनशे मीटर तग धरतात. म्हणजे त्याच दिवशी, त्याच ढगातून, पठारावर पाऊस आणि बर्फ यांची सरमिसळ, पहिल्या टप्प्यावर ओला जड बर्फ आणि माथ्यावर कोरडा भुसभुशीत बर्फ. एका चिन्हात हे कसे मावणार? त्यात आणखी एक बारकावा आहे. हवा कोरडी असेल तर पडणाऱ्या कणाच्या पृष्ठभागावरून बाष्पीभवन होते, कण स्वतःभोवतीची हवा थंड करत खाली येतो, आणि अधिक दोन अंशांतही बर्फच पडतो. म्हणून जाणकार नुसते तापमान पाहत नाहीत, वेट बल्ब तापमान पाहतात, म्हणजे तापमापकाच्या फुग्याला ओले फडके गुंडाळल्यावर जे दिसते ते. कृत्रिम बर्फ उडवणारी यंत्रे चालवणारेही याच आकड्यावर निर्णय घेतात. अंदाजाच्या सविस्तर पानांवर शून्य अंशाची उंची आणि हवेतली आर्द्रता दोन्ही दिलेली असतात. बहुतेक जण तिथवर जातच नाहीत.

दुसरा प्रश्न: किती, आणि कसला? अंदाजात पर्जन्य मिलिमीटर पाण्यात येते. ढोबळ नियम असा की एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक सेंटिमीटर बर्फ. पण हा नियम ताणला की तुटतो. शून्याजवळ पडलेला बर्फ इतका दाट असतो की वीस मिलिमीटर पाण्यातून जेमतेम बारा-पंधरा सेंटिमीटर हाती लागतात. उणे बारा-पंधराच्या हवेत त्याच पाण्याचे तीस सेंटिमीटर किंवा त्याहून अधिक होतात. हे का होते? १९३६ साली होक्काइदो विद्यापीठात उकिचिरो नाकाया यांनी सशाच्या केसावर बर्फाचा स्फटिक वाढवून दाखवला, प्रयोगशाळेत वाढवलेला पहिला. पुढच्या प्रयोगांतून त्यांनी मांडले की स्फटिकाचा आकार दोनच गोष्टी ठरवतात, तापमान आणि बाष्प. उणे पंधराच्या आसपास फांद्याफांद्यांची चांदणी वाढते. अशा चांदण्या एकमेकींत अडकून बसतात, मधे हवा राहते, थर फुगतो. तापमान बदलले की सुया होतात, पत्रे होतात, आणि तेच पाणी घट्ट बसते. स्की घालणाऱ्याला हा फरक गुडघ्यात कळतो. भुसभुशीत बर्फात वळण सहज निघते, ओल्या बर्फात स्की अडकते आणि पाय मुरगळतो.

आणि इथे एक गोष्ट मला ठासून सांगायची आहे, कारण ती फारसे कोणी सांगत नाही. एकूण बर्फ किती याहून तो कोणत्या क्रमाने पडला हे महत्त्वाचे असते. काश्मीरचा हिवाळी बर्फ पश्चिमी झंझावातांतून येतो. भूमध्य समुद्राच्या बाजूने पश्चिमेच्या वरच्या वाऱ्यांबरोबर वाहत येणाऱ्या या प्रणाली दोन-तीन दिवस टिकतात. एखादा झंझावात उबदार सुरू होऊन थंड होत संपला, तर खाली जड आणि वर हलका बर्फ बसतो. हे उत्तम, पाया पक्का आणि पृष्ठभाग मऊ. उलट घडले, आधी थंड हवेत हलका बर्फ पडला आणि मग तापमान चढत जाऊन वर जड थर बसला, तर तोच चाळीस सेंटिमीटर बर्फ स्कीइंगला वाईट आणि उतारावर धोक्याचा. अंदाजातला बेरजेचा आकडा दोन्ही वेळा सारखाच दिसतो. तासातासाची तापमानाची रेघ वर चालली आहे की खाली, एवढे पाहिले की उत्तर मिळते.

वाऱ्याबद्दल थोडक्यात, पण तितक्याच आग्रहाने. ताशी पंचवीस-तीस किलोमीटरच्या वर वारा गेला की कोरडा ताजा बर्फ उडू लागतो. वाऱ्याकडची बाजू खरवडली जाते, आडोशाच्या बाजूला बर्फाचे घट्ट पापुद्रे साचतात. आकाशातून पडला वीस सेंटिमीटर, आणि डोंगरावर एके ठिकाणी दगड उघडे, दुसरीकडे मीटरभर थर! शिवाय वारा वाढला की गंडोलाचा दुसरा टप्पा बंद राहतो, म्हणजे उत्तम बर्फ वर पडूनही तुमच्या कामाचा नाही. पठाराच्या अंदाजात ‘वारा ताशी आठ किलोमीटर’ असे दिसते ते जमिनीलगतचे. माथ्यासाठी ६०० हेक्टोपास्कल दाबाच्या पातळीवरचा, म्हणजे साधारण ४,२०० मीटरवरचा वारा पाहावा. तो सार्वजनिक नकाशांवर उपलब्ध असतो.

आता तिसरा प्रश्न, आणि माझ्या मते सर्वांत दुर्लक्षित: पडून गेल्यावर पुढे काय? बर्फाची चिन्हे संपली आणि सूर्याची सुरू झाली की लोक अंदाज वाचायचे थांबतात. खरे तर बर्फाची स्थिती त्याच दिवसांत ठरते. निरभ्र रात्री बर्फाचा पृष्ठभाग आपली उष्णता आकाशाकडे फेकतो आणि भोवतालच्या हवेहूनही थंड होतो. त्यामुळे मार्चमध्ये दुपारी अधिक सहा अंश दाखवणारा अंदाज वाचून खचण्याचे कारण नाही. रात्र निरभ्र असेल तर सकाळी पृष्ठभाग कडक, दहा-अकराच्या सुमारास वरचे दोन बोटे मऊ, आणि त्या दोन-तीन तासांत स्कीइंग फार सुरेख होते. पण रात्र ढगाळ असेल तर बर्फ गोठतच नाही, आणि सकाळपासून चिखल. दुपारचे तापमान दोन्ही दिवशी तेच! फरक रात्रीच्या ढगांचा. म्हणजे ज्याला आपण ‘स्वच्छ हवामान’ म्हणून सोडून देतो, त्यातच अर्धी माहिती असते.

याच निरभ्र थंडीची दुसरी बाजू आहे. हंगामाच्या सुरुवातीला पातळ थर पडला आणि मग आठवडेच्या आठवडे कोरडी कडाक्याची थंडी राहिली, तर जमिनीलगतचा बर्फ शून्याजवळ आणि पृष्ठभाग उणे दहा-पंधराला असतो. एवढ्याशा जाडीत एवढा फरक असला की आतली वाफ वर सरकते आणि स्फटिक पुन्हा घडतात. मोठे, टोकदार, एकमेकांना न धरणारे. फावड्याने खड्डा खणून तळाचा बर्फ हातात घेतला तर तो मुठीत बांधला जात नाही, जाड साखरेसारखा बोटांतून निसटतो. पुढे त्यावर मोठी बर्फवृष्टी झाली की वरचा सगळा भार या निसटत्या थरावर उभा राहतो. आता २०२३-२४चा हिवाळा आठवा. डिसेंबर आणि जानेवारीचा बहुतेक काळ गुलमर्ग जवळजवळ कोरडे होते, तपकिरी उतारांची छायाचित्रे देशभर छापली गेली. जानेवारीच्या अखेरीस बर्फ आला, फेब्रुवारीत भरपूर आला. सगळ्यांना हायसे वाटले, खेलो इंडिया हिवाळी स्पर्धा सुरू झाल्या. आणि २२ फेब्रुवारीला, स्पर्धा चालू असतानाच, अफरवटच्या बाजूला हिमस्खलन होऊन एका रशियन स्कीपटूचा मृत्यू झाला. त्या एका घटनेचे कारण इथून ठरवणे बरोबर होणार नाही. पण कोरड्या पूर्वार्धानंतरची मोठी बर्फवृष्टी ही हर्षाची बातमी असते तशीच सावधानतेचीही असते. हे ज्याने डिसेंबरपासून नोंद ठेवली त्यालाच दिसते. ज्याने त्या आठवड्याचा अंदाज पाहिला त्याला फक्त बर्फाची चिन्हे दिसतात.

आता आक्षेपांकडे वळतो. पहिला आक्षेप सरळ आहे: हवामान खात्याचा अंदाज चुकतो, मग एवढा हिशेब कशाला? अंदाज किती दिवसांचा आहे यावर उत्तर अवलंबून आहे. युरोपीय हवामान केंद्राचे प्रारूप एकच अंदाज देत नाही. सुरुवातीची परिस्थिती किंचित बदलत पन्नास आणि मूळ एक, असे एक्कावन्न अंदाज चालवते. तिसऱ्या दिवशी ते बहुधा एकमेकांजवळ असतात. दहाव्या दिवशी ते पांगतात, आणि तेव्हा ‘गुरुवारी बर्फ’ म्हणणारे चिन्ह म्हणजे पांगलेल्या शक्यतांपैकी एक उचललेली शक्यता असते. मग दहाव्या दिवसाचा अंदाज निरुपयोगी का? मुळीच नाही. एक्कावन्नपैकी चाळीस ठिकाणी झंझावात दिसतो की पाच ठिकाणी, हे कळणे मोलाचे आहे. २०२५चे उदाहरण घ्या. खेलो इंडियाचा गुलमर्गचा टप्पा २२ फेब्रुवारीपासून होणार होता. बर्फ पुरेसा नव्हता म्हणून तो पुढे ढकलला गेला, महिनाअखेरीस बर्फ पडला आणि ९ ते १२ मार्चला स्पर्धा झाल्या. अशा निर्णयात दहा दिवस आधी शक्यता पाहायची, पाच दिवस आधी उंची आणि तापमान पाहायचे, दोन दिवस आधी वारा पाहायचा. प्रत्येक टप्प्यावर प्रश्न वेगळा विचारला तर अंदाज क्वचितच फसवतो. आपण दहाव्या दिवशी दुसऱ्या दिवसाचा प्रश्न विचारतो आणि दोष खात्याला देतो. हेच ‘तुरळक ठिकाणी’ या शब्दांबाबत होते. ते जोर सांगत नाहीत, व्याप्ती सांगतात: विभागातली एक चतुर्थांशापर्यंत ठिकाणे. तुरळक ठिकाणी पडणारा बर्फही दोन फूट असू शकतो.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. काश्मिरी माणसाला हे सगळे परंपरेने ठाऊक असते, असे म्हणतात. २१ डिसेंबरपासून चाळीस दिवसांचा चिल्लई कलान, मग वीस दिवसांचा चिल्लई खुर्द, मग दहा दिवसांचा चिल्लई बच्चा; चिल्लई कलानमध्ये पडलेला बर्फ टिकतो, नंतरचा फार टिकत नाही. हे ज्ञान खरे आहे, आणि त्यामागे कारणही आहे. त्या चाळीस दिवसांत दिवस लहान, सूर्य खाली, जमीन गोठलेली. स्थानिक गाइडला कोणता ओढा भरतो, कोणत्या खांद्यावर वारा बर्फ ठेवत नाही, हे कोणत्याही प्रारूपाहून चांगले कळते, आणि पुढेही बराच काळ त्यालाच चांगले कळेल. पण पंचांग सरासरी सांगते, या वर्षीची गोष्ट सांगत नाही. २०२४ साली चिल्लई कलान जवळजवळ सगळा कोरडा गेला. २०२५ साली फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यातही स्पर्धेपुरता बर्फ नव्हता. हॉटेलवाला, घोडेवाला, स्लेज ओढणारा, स्की भाड्याने देणारा, या सगळ्यांची वर्षाची मिळकत त्या काही आठवड्यांवर असते. त्यांना जमिनीची स्मृती आणि हवेचा अंदाज दोन्ही लागतात. यांतले एक दुसऱ्याची जागा घेऊ शकत नाही.

तिसरा आक्षेप: आता वेबकॅम आहेत, रिसॉर्ट स्वतः बर्फाची खोली जाहीर करते, मग अंदाज कशाला वाचायचा? कारण खोलीचा आकडा आजचा असतो आणि एका जागेचा असतो. साठ सेंटिमीटर म्हणजे कुठे, पठारावर की माथ्यावर? ताजा, की पंधरवड्याचा कडक झालेला? छायाचित्र पृष्ठभागाचा रंग दाखवते, आतला थर दाखवत नाही. आणि प्रवासाचा निर्णय आजच्यासाठी नसतो, परवासाठी असतो.

इथे एक मर्यादा स्पष्ट सांगणे माझे कर्तव्य आहे. हवामानाचा अंदाज वाचून पिस्टवरचा, म्हणजे स्कीइंगसाठी आखलेल्या वाटेवरचा, बर्फ कसा असेल हे ठरवता येते. पिस्टच्या बाहेरचा उतार सुरक्षित आहे की नाही हे ठरवता येत नाही. ते काम वेगळे आहे. चंदीगडची डीजीआरई ही संरक्षण संशोधन संस्था, पूर्वीची सासे, जिल्हा आणि उंची यांनुसार हिमस्खलनाचे इशारे काढते. ८ फेब्रुवारी २०१०ला गुलमर्गच्याच परिसरात प्रशिक्षण घेणारे १७ जवान हिमस्खलनात गेले. १ फेब्रुवारी २०२३ला अफरवटवर पोलंडचे दोन स्कीपटू गेले. मोठ्या बर्फवृष्टीनंतरचे पहिले एक-दोन दिवस सर्वांत सुंदर दिसतात आणि बहुधा तेच सर्वांत घातक असतात. अंदाजात सूर्य दिसतो तेव्हा इशारा आवर्जून पाहावा.

शेवटी, मागणी कशाची करायची? अधिक बारीक चौकट येईल, एक किलोमीटरचीही येईल. तरी वाऱ्याने उडालेला बर्फ कोणत्या घळीत बसला हे तीतून कळणार नाही. मला त्याआधी दुसरी गोष्ट हवी आहे. गुलमर्गचा अंदाज एका नावाखाली न देता पठार, कोंगदूरी आणि अफरवट अशा तीन उंचींसाठी द्यावा. त्यात शून्य अंशाची उंची, माथ्यावरचा वारा आणि रात्रीचे ढग असावेत. आणि त्याच पानावर दररोज, त्याच तीन ठिकाणी प्रत्यक्ष मोजलेला ताजा बर्फ असावा. त्याला महागडे काही लागत नाही. एक पांढरी फळी, मोजपट्टी आणि वजनकाटा. सकाळी फळीवरचा बर्फ सेंटिमीटरमध्ये मोजायचा, मग वितळवून पाण्याचे वजन घ्यायचे. म्हणजे किती पडला आणि कसला पडला, दोन्ही कळते. गंडोलाच्या स्थानकांवर माणसे रोज कामावर असतातच. दोन-तीन हंगाम अशी नोंद राहिली तर कोणत्या प्रकारच्या झंझावातात प्रारूप अफरवटला कमी दाखवते आणि पठाराला जास्त, हे उघड होईल, आणि पाषाणच्या शास्त्रज्ञांना आपले प्रारूप तपासायला हिमालयातल्या तीन उंचींचे सलग आकडे मिळतील. उंचावरची अशी निरीक्षणे आपल्याकडे विरळ आहेत, आणि ती वाढवण्यासाठी नव्या संगणकाची वाट पाहावी लागत नाही.